बॅटरी नसलेल्या गाडीचा लाल दिवा

आधीच सांगून टाकते — भूत, आत्मा, लागीर यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या पारावर मी जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवला आहे. नारळातून केस कसे काढतात ते शाळेतल्या मुलांना शिकवलं आहे. एका बाबाच्या भक्तांकडून चपलेचा मारही खाल्ला आहे. त्यामुळे भुताखेतांचे अनुभव छापणाऱ्या या सदरात माझा मजकूर बघून आमच्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीतले लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे. म्हणू देत! समोर घडलेली गोष्ट सोयीची नाही म्हणून दडपायची, हे आम्ही ज्यांच्याशी भांडतो त्यांचं काम आहे. आमचं नाही.

मी जळगावला ग्राहकांच्या एका मंडळात काम करते. चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही एका मोटारीच्या मागे लागलो होतो. चार दारांची गाडी, मागे ऐसपैस डिकी, जाहिरातीत हसरे आईबाप आणि दोन गुबगुबीत पोरं. कंपनीचं नाव छापणार नाही, असं संपादकांनी स्पष्ट सांगितलंय. वाचकांनी याचीही नोंद घ्यावी.

त्या गाडीच्या तक्रारी लोक आधी हसत हसत सांगायचे. एप्रिल-मे महिन्यात आमच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी भर रस्त्यात बंद पडायची. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. एक डॉक्टर तर म्हणाले, "मी पेशंटच्या घरी पोचतो तोवर पेशंट बरा झालेला असतो." वळणावर दार उघडायचं. गिअरचा दांडा हातात यायचा. लोक म्हणायचे, चालायचंच, नवीन मॉडेल आहे.

पण ब्रेकच्या पाइपची गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

मागच्या चाकांकडे ब्रेकचं ऑइल नेणारा एक रबरी पाइप असतो. या गाडीत तो अशा जागी बसवला होता, की मागे वजन पडून गाडी दबली की तो एका लोखंडी कडेला घासायचा. घासून घासून एक दिवस फुटायचा. तो फुटला की सगळं ऑइल बाहेर, चारही चाकांचा ब्रेक गेला! आणि आमच्याकडे मागे वजन पडणारच. केळीच्या मुलखात पाहुण्याकडे कोणी रिकाम्या हाताने जात नाही. एखादी फणी नेणं म्हणजे अपमान, अख्खे घड न्यायचे… तेही दोन-चार. कंपनी म्हणते, ही फॅमिली कार आहे, ट्रक नाही. अहो, मग गाडी विकताना डिकी उघडून "बघा, किती माल मावतो" असं यावल-रावेरच्या शेतकऱ्यांना कोण दाखवत होतं?

संताप याचा, की कंपनीला हे माहीत होतं. आमच्या एका सभासदाच्या भावाची गाडी पुण्याला सर्व्हिसिंगला गेली तर न मागता पाइप बदलून आला. का बदलला? बाहेरच्या देशांत असा दोष निघाला तर कंपन्या पेपरात जाहिरात देऊन गाड्या परत बोलावतात. रिकॉल म्हणतात त्याला. इथे मात्र जो शहरात वर्कशॉपला जाईल तो वाचेल, तेही त्याला न कळता. बाकीच्यांनी मरावं.

मी पत्रक काढलं. मथळा — 'गाड्या परत बोलवा, नाहीतर प्रेतं मोजा!' मथळा मलाच सुचला होता आणि तेव्हा फार आवडलाही होता.

पत्रक वाटून महिना झाला नसेल, यावलकडच्या एका गावातली ती गाडी चोपड्याच्या पुढे, शिरपूरच्या अलीकडे, एका नाल्याच्या उतारावर सरळ झाडावर गेली. गाडी आबांची. आबा म्हणजे त्या गावातले मोठे केळीवाले. निम्मं गाव त्यांच्या बागेत राबतं. गाडीत त्यांचा धाकटा भाऊ वामन होता आणि चालवायला सुपडू. सुपडू बारा-पंधरा वर्षं आबांकडे ड्रायव्हर होता. दोघे एका सोयरिकीच्या साखरपुड्याला निघाले होते. दोघेही जागच्या जागी गेले.

मला बातमी आठवड्याने कळली आणि मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन एसटीने गावात गेले.

आमच्याकडे मयत झाल्यावर लोक 'दारावर' जातात. घरासमोर सतरंजी टाकलेली असते, तिथे येऊन बसायचं. बोलायचं फार नसतं. कोणीतरी विचारतं, "कसं झालं?" आणि घरचं माणूस सांगतं. दर नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगतं. ऐकणाऱ्याने फक्त ऐकायचं. यात अंधश्रद्धा काही नाही, उलट मला तर हा फार शहाणा रिवाज वाटतो.

आबांच्या दारावर माणूस मावत नव्हतं. बाहेर जीपगाड्या, मोटारसायकली, बैलगाड्या. मी बायकांकडून वाट काढून थेट आबांसमोर गेले आणि पाइपचं सांगायला लागले. आता वाटतं, जरा थांबायला हवं होतं. पण मला तेव्हा थांबता येत नसे.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानं सांगितलं, सुपड्या झोपला व्हता. मागून एक फटफटीवाला येत व्हता, त्यानं लिहून दिलं — गाडीचा मागचा लाल दिवा लागलाच नाही. ब्रेक मारला असता तं दिवा लागला असता. रस्त्यावर टायर घासल्याची खूणबी नाही."

"आबा, तेच तर सांगतेय! या गाडीत दिवा ब्रेकच्या ऑइलच्या दाबावर लागतो. पाइप फुटला की दाब नाही, दाब नाही तर दिवा नाही. त्याने पाय कितीही दाबला असेल—"

"म्हंजी दिवा लागला तरी त्यानं ब्रेक मारला, आन् नाही लागला तरी मारला?" आबा माझ्याकडे बघत राहिले. "तुह्या पत्रकात नापास व्हायची सोयच नाही का वं?"

आजूबाजूचे दोघं-तिघं त्या दारावरही हसले. मला रडू आलं, रागाने.

"माह्या भावाले त्यानं मारलं," आबा म्हणाले. "इतकी वर्सं मीठ खाल्लं माह्यं, आन् स्टेरिंगवर झोपला. जाय तू."

तिथून मी सुपडूच्या घरी गेले. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. दारासमोर सतरंजी टाकलेली आणि तिच्यावर एक कोंबडी चालत होती. बस्. दुसरं कोणी नाही. उंबऱ्याच्या आत सुपडूची बायको इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती. 

आबांनी कोणाला 'जाऊ नका' म्हटलं नव्हतं, म्हणायची गरजही नव्हती. ज्याच्यामुळे वामनभाऊ गेला त्याच्या दारावर बसून उद्या आबांच्या बागेत कामाला कोणत्या तोंडाने जायचं?

मी सतरंजीवर बसले. इंदूबाई म्हणाली, "बसा ताई. पन तुमचं बसनं मोजता नाही येनार. तुम्ही जयगावच्या." जयगाव म्हणजे जळगाव, तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो.

"मग कोणाचं मोजायचं?"

"आबा बसले पायजे. आबा बसले म्हंजी गाव बसलं." मग ती म्हणाली, "हे झोपनारे नव्हते, ताई. जागरनाच्या रात्रीबी मले म्हनत, तू झोप, मी हाये. सकायी पोरं शायेत जाता तं बाकीची पोरं म्हनता, तुह्या बापानं मानूस मारला. मोठीनं शाया सोडली."

"कसं झालं?" मी विचारलं. तिने मान हलवली. नाही सांगितलं.

निघताना म्हणाली, "ही सतरंजी मी उचलनार नाही. पाऊस आला तं भिजन."

पुढे सुपडूची गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटण्याचा विधी, झाली, घरच्याघरी. माणसं आपापल्या कामाला लागली. सतरंजी दारात तशीच. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तिच्यावर कोणी नव्हतं. मी कंपनीला पत्रं लिहिली, कलेक्टर ऑफिसासमोर घोषणा दिल्या, पण त्या सतरंजीचं काय करायचं ते माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

मग एक दिवस आबांचा निरोप आला. विम्याच्या कामासाठी गाडी ताब्यात घ्यायची होती, सही द्यायला त्यांना जावं लागणार होतं. "तू पाइप-पाइप करत व्हती ना, दाखव चाल."

आम्ही एसटीनेच गेलो. आबांनी अपघातानंतर मोटारीत पाऊल टाकलेलं नव्हतं. तो नाला आला तेव्हा त्यांनी तोंड दुसऱ्या खिडकीकडे फिरवलं.

शिरपूरकडच्या पोलीस ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली गाडी उभी होती. दुपार, मे महिना, रस्त्यावर कुत्रंही नाही. बॉनेट पार आत घुसलेलं. उजव्या बाजूचा मागचा दिवा फुटलेला, डावा शाबूत. धक्क्याने पत्रा पिळवटून डिकी अडकली होती, त्यामुळे आतले केळीचे घड कोणी काढलेच नव्हते. ते आतल्या आत पिकून, काळे पडून गळत होते. त्या गोड वासाने डोकं दुखायला लागलं. आजही पिकलेल्या केळ्यांचा वास आला की मी उठून बाहेर जाते. हे मात्र भुताचं नाही, साधं मानसशास्त्र आहे.

एक हवालदार व्हरांड्यात चहा पीत बसला होता. म्हणाला, "ताई, पंचनामामा बठ्ठं लिखेल शे. आते काय देखशात?" पंचनाम्यात सगळं लिहिलंय, आता काय बघणार, असं त्याचं अहिराणीतलं म्हणणं.

मी सोबत आणलेलं पोतं अंथरून गाडीखाली शिरले. पाइप सापडला. घासून एका बाजूने पातळ, गुळगुळीत झालेला आणि तिथेच फाटलेला. मी आबांना वाकून बघायला लावलं. "आबा, आदळून फाटला असता तर कड खरबरीत असती. हे कित्येक महिन्यांचं घासणं आहे."

"हं," आबा म्हणाले. तेवढंच. पाइप बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.  आता यापेक्षा जास्त मी काय दाखवणार होते?

आबा गाडीच्या मागे गेले. डिकीवर हात ठेवून उभे राहिले. मी पोतं झटकत होते. आबा हळूच बोलायला लागले, मला वाटलं माझ्याशीच. पण ते गाडीशी बोलत होते.

"सुपड्या," ते म्हणाले, "येक डाव ब्रेक मारता नाही आला का रे तुले?"

डावा लाल दिवा लागला.

मी पहिल्यांदा वर बघितलं. ऊन पडलं असेल, पानांतून. पण कडुनिंबाची सावली दाट होती. मी पुढे होऊन पोतं दिव्याच्या आणि उन्हाच्या मध्ये धरलं. दिवा तसाच. काचेवर उन्हाची चमक असती तर तो विझला असता, तो उलट सावलीत जास्त लाल दिसायला लागला. आतल्या बल्बची तार मला दिसत होती, पेटलेली. मी काचेवर तळहात ठेवला तर माझ्या बोटांच्या कडा लाल झाल्या.

व्हरांड्यातून हवालदार ओरडला, "ताई, तो दिवा बंद करा ना! बॅटरी उतरी जाई!"

आणि बोलता बोलताच तो चहाचा कप हातात घेऊन उठून उभा राहिला. "बॅटरी तं…" तो म्हणाला. "बॅटरी तं मी काढेल शे. कोठडीमा शे ती."

मी पुढे धावले. पिचलेल्या बॉनेटच्या फटीतून बघितलं. बॅटरीची जागा रिकामी, दोन्ही वायरी लोंबत होत्या, एकमेकींपासून लांब. त्या कशालाही लागलेल्या नव्हत्या. ब्रेकच्या ऑइलची टाकी कोरडी ठणठणीत होती. मग मी ड्रायव्हरच्या खिडकीतून आत डोकावले. ब्रेकचं पेडल पार तळाला टेकलेलं होतं… कोणीतरी सगळा जोर लावून दाबून धरावं तसं. ते आधीपासूनच तसं होतं का? मला माहीत नाही. मी आधी बघितलंच नव्हतं, आणि याबद्दल मी स्वतःला माफ करत नाही. तपासणीला गेलेल्या माणसाने पेडल बघायचं नाही?

मागे आबा रडत नव्हते. त्यांनी दोन्ही हात डिकीवर टेकले होते आणि दिव्याकडे बघत होते.  हवालदार पायऱ्या उतरून आला, पण कडुनिंबाच्या सावलीत शिरला नाही.

मग आबा म्हणाले, "बस, भाऊ. समजलं मले. उचल पाय."

दिवा गेला.

मी परत खिडकीकडे गेले. पेडल वर आलेलं होतं.

आम्ही एसटीनेच परतलो. गावात उतरल्यावर आबा घराकडे वळले नाहीत. सरळ गल्लीच्या टोकाला गेले, सतरंजीपाशी वहाणा काढल्या आणि बसले. ओट्यावर धान्य निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. इंदूबाई आतून उंबऱ्यापर्यंत आली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली बसली.

"कसं झालं वं इंदू?" आबांनी विचारलं.

आणि तिने सांगितलं, पहिल्यापासून. सकाळी काय खाल्लं, कोणता सदरा घातला… आणि मग म्हणाली, "जाताना म्हनत व्हते, ब्रेकचा पाय खोल जाऊ राह्यला. गाडी जयगावले दाखवा लागते. म्हने, आबाले म्हटलं मी. आबा म्हने, साखरपुडा होऊ दे, मंग दाखवू. घड भरताना पुन्हा म्हटलं, गाडी मांगून बसू राह्यली, दोन कमी करू. आबा म्हने, सोयऱ्याकडे काय तोंड दाखवू?"

गल्लीत तोवर माणसं जमली होती. सगळ्यांसमोर आबा म्हणाले, "हो. म्हटलं व्हतं त्यानं. मीच ऐकलं नाही."

एकेक माणूस येऊन बसायला लागलं. सतरंजी पुरेना, लोक मातीत बसले. मी कडेला उभी होते. नंतर मी इंदूबाईला विचारलं, अगदी चिडूनच, "हे तुम्ही मला का नाही सांगितलं? यावर केस उभी राहिली असती!"

"तुम्ही छापलं असतं, ताई," ती म्हणाली. "हे आधी आबानं इथी बसून ऐकाले पायजे व्हतं."

तक्रार आबांच्या नावाने ग्राहक मंचात दाखल झाली. कंपनीच्या वकिलाने आबांना विचारलं, "चालकाने ब्रेक लावला, हे कशावरून म्हणता?"

"मी पाह्यलं," आबा म्हणाले.

"तुम्ही गाडीत होतात?"

"नाही."

वकील हसला. ते उत्तर कोणी लिहूनही घेतलं नाही. आमचा भर पाइपवर होता, पाइप तपासणीला गेला आणि तारखांवर तारखा चालूच आहेत. कंपनीने आजपर्यंत एकही जाहिरात दिलेली नाही. पाइप मात्र हळूच बदलून मिळतात — मागितले तर. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांनी आजच जाऊन मागावेत, हे मी या सदरातही सांगून ठेवते.

त्या दिव्याचं स्पष्टीकरण मी खूप शोधलं. कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं, इलेक्ट्रिशियनला विचारलं. वायरींत उरलेला करंट? इतके दिवस? छे. हवालदाराची चेष्टा? तो माणूस महिनाभरात बदली मागून गेला. पोतं धरलं तरी दिवा पेटलेला होता, म्हणजे ऊन नाही. आबांनी आणि मी एकच भास बघितला म्हणावं, तर व्हरांड्यात बसलेल्याने काय बघितलं? चळवळीतले मित्र म्हणतात, उन्हाने डोकं फिरलं होतं तुझं. असेल. मग पेडल?  

अजूनही मी गावोगावी जाऊन कापूर जाळते आणि बाबा-बुवांना आव्हान देते. कोणी म्हणालं, 'ताई, मग ते लाल दिव्याचं काय?' तर सांगते, माहीत नाही. विज्ञानात 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटायचं कारण नाही. एवढं मात्र मी मंचासमोर, मंडळासमोर, कोणासमोरही सही करून देईन.

सुपडूने ब्रेक मारला होता.